कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण मैत्रिणींनो, नवऱ्याने टाकलेल्या बाईने मुलांना जेवू कशावर घालायचं? आपल्या रत्नागिरीकडे नवरा मुंबईला नि बायको माहेरी, अशी घरं कितीतरी. पोटगीसाठी मुंबईलाच खेटे घालावे लागतात, ही समजूत आधी काढून टाका. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे चिपळूण म्हणा, राजापूर म्हणा, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सासर सोडून आसऱ्याला आलात तर छळाची फिर्यादही तिथेच देता येते. सुप्रीम कोर्टाने २०१९ साली तसा निकाल दिलाय. या न्यायाधीशांना ३ वर्षांपर्यंत कैद सुनावता येते, आणि छळाच्या गुन्ह्याला शिक्षाही जास्तीत जास्त तेवढीच. हुंडाबळीचा खटला मात्र सेशन्स कोर्टात.

आता सरकारी वकील. पोलिसांनी गुन्हा नोंदवून खटला भरला की तो लढवणं त्यांचं काम. त्यांना आपण फी द्यायची नसते. कोर्टाच्या परवानगीवाचून त्यांना खटला मागेही घेता येत नाही. पण पोटगीचा अर्ज ते चालवत नाहीत, इथेच पुष्कळजणी फसतात! त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, नोकरी करणारीलासुद्धा. जाताना लग्नाचा दाखला आणि नवऱ्याच्या पगाराचा मिळेल तो कागद बरोबर न्या.