लेकरू कुणाच्या खात्यात?



गेल्या महिन्यात माझी नात खाटेवरून पडली आणि तिचा ओठ फाटला. इथे आटपाडीत टाका घालताना डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "आजी, पडली कशी? जवळ कोण होतं?" मला राग आला. घरी आल्यावर वाटलं, विचारलं ते बरंच केलं. प्रत्येक घरात लेकराला पडूनच लागतं असं नाही.

पण त्या रात्री मला अरिहा आठवली. अरिहा शहा ही जैन घरातली मुलगी. वडिलांची नोकरी बर्लिनला. सप्टेंबर 2021 मध्ये, ती सात महिन्यांची असताना, लंगोटाला रक्त दिसलं म्हणून आईवडिलांनी तिला दवाखान्यात नेलं. तिथे संशय आला आणि सरकारी बालकल्याण खात्यानं बाळ ताब्यात घेऊन फॉस्टर केअरमध्ये ठेवलं. फेब्रुवारी 2022 मध्ये पोलीस तपास आरोप न ठेवता बंद झाला. तरी 13 जून 2023 ला बर्लिनच्या कोर्टानं ताबा खात्याकडेच ठेवला. दुखापत कशी झाली हे आईवडिलांना नीट सांगता आलं नाही, असं कोर्टाचं म्हणणं. आपल्याकडच्या 19 पक्षांच्या 59 खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिलं.

आपला अनेकांत सांगतो, दुसरी बाजूही बघा. बाळाचा जीव आधी, हे मला मान्य आहे. संशय असेल तर मूल काही दिवस वेगळं ठेवावंही लागेल. माझं म्हणणं त्यानंतरचं आहे.

मी बी.कॉम. झाले. तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकायचो. चूक सापडेपर्यंत ती तिथे, पण कुणाचा नफा म्हणून नाही. फॉस्टर केअर तसंच तात्पुरतं असायला हवं. इथे मात्र दिवसच आईच्या विरोधात जमा होतात. भेटी मोजक्या, बाळ दुसरी भाषा बोलू लागतं, दुसरं अन्न खातं. मग म्हणायचं, आता याला तिकडचीच सवय झाली! ही सवय लावली कुणी?

युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानंही सप्टेंबर 2019 मध्ये नॉर्वेतल्या एका आईच्या खटल्यात तिच्या बाजूनं निकाल देताना सांगितलं, की मूल काढून घेतलं तरी घर पुन्हा जुळवणं हेच ध्येय हवं. आपल्या 2015 च्या बालन्याय कायद्यातही मुलाला घरी परत पोचवणं हे बालगृहाचं मुख्य उद्दिष्ट म्हटलंय.

म्हणून मला वाटतं, जन्मदात्यांना तीन गोष्टी हक्कानं मिळाव्यात. भरपूर भेटी. मुलाची भाषा आणि आहार टिकेल असं घर, जमलं तर आपल्याच माणसांचं. आणि परत येण्यासाठी काय केलं पाहिजे, हे तारखेसह कागदावर.

आणि हे फक्त परदेशाला सांगून भागणार नाही. आपल्या गल्लीतली एखादी एकटी आई पोटाला मिळत नाही म्हणून लेकरू संस्थेत ठेवायला निघाली, तर आधी तिला बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला मदत करा. महिन्याला 2250 रुपये मिळतात. गरिबी हा गुन्हा नाही, आणि त्यापायी आई बदलू नये.

सूर्यास्ताआधी नातीला भरवताना हल्ली मी णमोकार मंत्र जरा मोठ्यानं म्हणते. तिच्या कानावर पडत राहावा म्हणून.