खळांचीं मनें : कालिया आणि दुर्योधन

बालकांच्या करमणुकीचा विषय वयोवृद्ध शिक्षकानें गंभीरपणें चर्चेस घ्यावा, हें कित्येकांस विक्षिप्तपणाचें वाटेल. परंतु दिवेलागणीच्या वेळीं जेथें पूर्वी परवचा चाले, तेथें कित्येक घरांत आतां ‘छोटा भीम’ चालतो. आणि नातवंडें ज्या कथेंत नित्य रमतात, तींतील सज्जन-दुर्जन कोणत्या मातीचे घडले आहेत याची विचारपूस आजीआजोबांनीं करूं नये, तर कोणीं करावी? हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशन या संस्थेनें काढलेली ही चित्रमालिका २००८ सालीं पोगो वाहिनीवर सुरू झाली. तिचे कर्ते राजीव चिलका. ढोलकपूर नांवाचें गांव, इंद्रवर्मा हा तेथील राजा, बलाढ्य पण सुस्वभावी असा बाल भीम, त्याचे सोबती छुटकी, राजू आणि जग्गू माकड; विरुद्ध पक्षीं कालिया पहिलवान व त्याचे जुळे अनुयायी ढोलू आणि भोलू. ही वंशावळ पांच वर्षांच्या मुलास स्वतःच्या गोत्रप्रवरापेक्षां अधिक बिनचूक पाठ असते.

या मालिकेंत राक्षस, चेटकिणी आणि दरोडेखोर पुष्कळ येतात. त्यांस सोडून देऊं. त्यांना राज्य हवें असतें किंवा धन हवें असतें, मार खाऊन ते जातात, आणि त्यांच्याविषयीं त्याहून अधिक विचारण्यासारखें कांहीं उरत नाहीं. विचार करण्याजोगा खळ एकच, तो कालिया.

त्याला काय हवें आहे? वरवर पाहतां टुनटुन मावशीचे लाडू. पण लाडू हें निमित्त होय. कालिया भीमापेक्षां वयानें व आकारानें मोठा. ‘पहिलवान’ हें बिरुद तो नांवापुढें मिरवितो. गांवांतील पहिल्या मल्लाचें आसन आपलें, असें त्यास मनापासून वाटतें, आणि तेंच आसन एक लहान पोर लाडू खातां खातां घेऊन बसलें आहे. आपल्या कोशकारांनीं या विकारांची मोठी सूक्ष्म वांटणी करून ठेविली आहे. दुसऱ्याच्या गुणांवरच दोषांचा आरोप करणें ही असूया. दुसऱ्याचा उत्कर्ष न साहवणें हा मत्सर. कालियाच्या ठिकाणीं असूया फारशी आढळत नाहीं. भीम दुर्बळ आहे किंवा लबाड आहे असें तो मनांतून मानीत नाहीं. त्याला भीमाचें बळ चांगलें ठाऊक आहे आणि म्हणूनच तो जळतो. त्याच्या ठायीं आहे तो शुद्ध मत्सर. असूयेनें दृष्टि बिघडते, मत्सरानें पोट. पोटाचा विकार बरा होण्याची आशा असते, आणि ढोलकपुरावर खरें संकट आलें असतां हाच कालिया भीमाच्या बाजूस उभा राहतो, त्याचें कारण मला येथें दिसतें.

ढोलू-भोलूंची गोष्ट याहून मौजेची आहे. बेत फसला कीं शिव्याशाप त्यांच्या वांट्यास येतात, आणि मार पडूं लागला कीं हीं दोघें प्रथम पसार होतात. मग तीं भीमाकडे कां जात नाहींत? तेथें लाडू सुखानें मिळतील. मला वाटतें, भीमाच्या मेळ्यांत माकड धरून त्यांचा क्रमांक शेवटचा लागेल. कालियापाशीं तीं दुसरीं आणि तिसरीं आहेत. मोठ्या माणसांच्या पुष्कळ निष्ठा ज्या पायावर उभ्या असतात तोच हा पाया. कचेऱ्यांतून आणि संस्थांच्या कार्यकारी मंडळांतून वावरलेल्या वाचकांस अधिक सांगणें नलगे.

आतां मूळ भीमाकडे वळूं. चित्रांतील भीमानें नांव घेतलें तें महाभारतांतील. स्वभाव मात्र घेतला नाहीं. आदिपर्वांतील बाल भीम हा धृतराष्ट्राच्या मुलांना मोठाच जाच होता. तो त्यांचे केस धरून ओढी, एकावर एक आपटी, पोहतांना दहा-दहा पोरांना कवटाळून पाण्याखालीं धरी, आणि फळें काढावयास तीं झाडावर चढलीं कीं बुंध्यास लाथा हाणून फळांसकट पोरें खालीं पाडी. व्यासांनीं तत्काळ पुस्ती जोडली आहे कीं, हें सारें बालस्वभावानें, द्रोहबुद्धीनें नव्हे. परंतु झाडावरून पडणाऱ्यास तो भेद कसा कळावा? गुडघा तर दोन्ही प्रकारें सारखाच फुटतो. दुर्योधनाच्या द्वेषाचा अंकुर व्यासांनीं द्यूतसभेंत दाखविला नाहीं, राज्याच्या वांटणींतहि नाहीं. तो त्या झाडाखालीं दाखविला आहे.

म्हणून दुर्योधन निर्दोष ठरतो काय? मुळींच नाहीं, आणि या ठिकाणीं आजकालचे पुष्कळ लेखक घसरतात. खळाच्या दुःखाचें मूळ सांपडलें कीं त्यांना त्याचा अपराधहि वितळल्यासारखा वाटतो. गंगेकांठीं प्रमाणकोटीस जलक्रीडेचा बेत करणें, अन्नांत विष कालवून तें भीमास स्वहस्तें, जिभेवर मध ठेवून भरविणें, तो बेशुद्ध पडतांच वेलींनीं बांधून पाण्यांत लोटणें, हें काम केस ओढल्याच्या रागाचें नव्हे. यांत दिवसांचा हिशेब आहे, स्वयंपाक्यांची योजना आहे. हेतु समजला म्हणून कृत्य लहान होत नाहीं. तें कोठून आलें एवढेंच कळतें. तें कळणेंहि थोडें नव्हे, कारण त्यावरून पुढचें कृत्य अडवितां येतें. कौरवांच्या घरीं तें कोणींच अडविलें नाहीं. भीम जिवंत परतला, तेव्हां युधिष्ठिरानें सांगितलें कीं, याची वाच्यता करूं नका. धोरण म्हणून तें शहाणपणाचें असेल. पण घरांतील वडील मंडळींना भांडण दिसूनहि न दिसल्यासारखें झालें तें तेथपासून.

दुर्योधनाच्या अनुयायांत आणि ढोलू-भोलूंत मात्र कांहीं साम्य नाहीं. रंगभूमीवर कृपाचार्यांनीं कर्णास कुळ विचारलें आणि तो खालीं मान घालून उभा राहिला, त्या क्षणीं दुर्योधनानें त्यास अंगदेशाचा अभिषेक केला. यांत राजकारण होतेंच. अर्जुनास तोडीस तोड हवा होता. पण कर्णाला मिळालें तें राज्यापेक्षां मोठें होतें. भर सभेंत कोणी तरी आपली लाज राखली, हें ऋण त्यानें जन्मभर फेडलें, आणि खुद्द कृष्णानें जन्मरहस्य सांगितल्यावरहि तो हलला नाहीं. खळालाहि मित्र असतो आणि ती मैत्री खरी असूं शकते, हें व्यासांनीं लपविलें नाहीं. आमच्या रंगभूमीवर हें धैर्य गडकऱ्यांनीं दाखविलें. ‘भावबंधन’मधील घनश्याम हा लतिकेनें केलेल्या अपमानाचा सूड घेण्यास निघालेला आहे, चिंतामणराव कोल्हटकरांनीं ती भूमिका अशी रंगविली कीं नायकाचें नांव विसरलेल्या प्रेक्षकांसहि घनश्याम आठवत राही.

कालिया या नांवाकडे आतां येतों, कारण माझ्या मनांतील खरी अडचण तेथें आहे. हल्लीं आमच्या जासईंत रस्त्यावर खेळण्याची सोय राहिली नाहीं. उरणच्या बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या रांगांमुळें पोरें देवळापुढील पटांगणांतच जमतात. तेथें गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत हा ढोलकपुरचा खेळ रंगे. भीम रोज नवा होई. कालिया मात्र रोज तोच. वर्णानें सांवळा, अंगानें स्थूल असा एक आठ वर्षांचा मुलगा. मीं त्यास एकदां विचारलें, तुला भीम व्हावेसें वाटत नाहीं काय? तो म्हणाला, “गुरुजी, मी कालिया नाय झालो तं खेल कसा होनार?” उत्तर समंजस होतें, त्यांत मला दुःख दिसलें नाहीं. पुढें पुढें पोरें खेळाबाहेरहि त्यास कालिया म्हणूं लागलीं, नंतर पाणी भरणाऱ्या बायाहि. मग एके दिवशीं त्यानें राजू झालेल्या लहानग्यास पायरीवरून असा ढकलला कीं त्याच्या हनुवटीस तीन टांके पडले. सर्वांचें म्हणणें एकच, हा पहिल्यापासून तसाच!

पहिल्यापासून तो तसा नव्हता. महिनाभर पाहणारांत मी होतों. शहाण्यांनीं शब्द जपून वापरावे असें आपण म्हणतों, आणि काळेपणावरून पडलेलें खळाचें नांव एका पोराच्या अंगावर बिनदिक्कत चढवितों. मालिका करणारांनीं हें नांव कोणत्या विचारानें घेतलें असेल तें असो; पण या नांवाचा एक पूर्वज भागवताच्या दशमस्कंधांत आहे, आणि त्याची कथा आपल्या घरांतून अर्धीच सांगितली जाते. कालिय नाग यमुनेच्या डोहांत आला तो गरुडाच्या भयानें. त्याचें मूळ घर रमणक द्वीपांत. सौभरि ऋषींच्या शापामुळें गरुडास त्या डोहाशीं येतां येत नसे, म्हणून हा तेथें दडला आणि त्याच्या विषानें पाणी नासलें. कृष्णानें फणांवर नृत्य करून त्याचा मद उतरविला, नागपत्नींनीं पदर पसरला, तेव्हां तो काय म्हणाला? आम्ही जन्मतःच दुष्ट, तामसी, दीर्घद्वेषी. पण हे स्वभाव निर्माण केलेस तूंच, मग आतां निग्रह कर अथवा अनुग्रह कर. सर्पाच्या तोंडीं घातलेला हा युक्तिवाद भल्याभल्या वकिलांस सुचला नसता. कृष्णानें त्यावर वाद घातला नाहीं. डोह सोडून समुद्रांत जा, अशी आज्ञा केली, आणि मस्तकावर माझीं पाउलें उमटलीं आहेत तेव्हां गरुड तुला खाणार नाहीं, असें अभय दिलें. म्हणजे उपद्रव थांबविला आणि उपद्रवाचें कारणहि काढून टाकिलें. आपण मुलांना फणांवरचें नृत्य सांगतों आणि अभयदान गाळतों.

ही उरलेली कथा मीं पटांगणांत सांगितली. नंतर खेळांत पाळी लावण्याची सूचना केली; जो काल भीम तो आज कालिया. पोरांनीं कुरकुर केली, दोघे तर खेळ सोडून गेले. सध्यां एक सात वर्षांची मुलगी कालिया होते, आणि ती इतकी भयंकर होते कीं भीम व्हावयास कोणी लवकर पुढें येत नाहीं. तो मुलगा कधीं जग्गू होतो, कधीं येतच नाहीं. बायकांच्या तोंडचें नांव अद्याप गेलेलें नाहीं.

शकुनीविषयीं लिहावयाचें या खेपेस राहून गेलें. बापाच्या अस्थींचे फांसे केल्याची जी कथा सर्वतोमुखीं आहे, ती व्यासांच्या ग्रंथांत नाहीं. मग लोकांना ती कां लागली, आणि भाच्यावर या मामाचें प्रेम होतें कीं नव्हतें, हें पुढील महिन्यांत पाहूं.