वाडा गेला, कुलूप राहिले

दिवाळी जवळ आली की पुण्याच्या वाड्यांना बहर येतो. प्रत्यक्षात नव्हे, कागदावर. फराळाची ताटे या दारातून त्या दारात जातात, चौकात मुले किल्ला करतात, ओसरीवर म्हातारे तपकीर ओढतात आणि मग कोठूनसा एक बिल्डर येऊन हे सारे जमीनदोस्त करतो. वाड्याबरोबर माणुसकीही जाते. ही गोष्ट मी शंभरदा वाचली आहे. आणि खोटे कशाला बोलू, दोनदा लिहिलीही आहे. आज मला त्या गोष्टीशीच भांडायचे आहे. कारण तिच्यात एक वस्तू कधीच येत नाही. ती म्हणजे भाड्याची पावती.

१९५८ साली माझ्या वडिलांनी नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्या घेतल्या. भाडे महिना २२ रुपये. माडीवर दोन खणांची खोली, तिच्यामागे अंधारे स्वयंपाकघर, नळ चौकात आणि सामायिक संडास परसात. मालकीण विधवा होती. सगळा वाडा तिला काकू म्हणे. सात बिऱ्हाडांचे भाडे हीच तिची कमाई.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. पाणी ओसरल्यावर पाहतो तो मातीत बांधलेली मागची भिंत बसलेली. काकूंनी पाटल्या मोडल्या आणि ती पुन्हा उभी केली. आम्ही सातही बिऱ्हाडांनी त्यांचे फार कौतुक केले. पैसा मात्र कोणी दिला नाही.

पुढे १९७४ साली आढ्याचे वासे वाळवीने खाल्ले. नुसती कौले चाळून भागेना. काकू जिना चढून आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘बिऱ्हाडामागे पाच रुपये वाढवा, म्हणजे छपराचे काम काढते.’’ वडिलांचा पगार तोवर चौपट झाला होता. तरी त्यांनी चहा पुढे केला आणि कायदा समजावून सांगितला. काकूंनी शांतपणे ऐकून घेतले. उठताना एवढेच म्हणाल्या, ‘‘कायद्याने पाणी अडत नाही हो. त्याला कौलेच लागतात.’’

त्या वर्षी छपरावर पत्रे आले. उरलेले पाणी आम्ही पातेल्यांत धरले. पावसाळाभर मालकिणीच्या नावाने बोटे मोडली. वाडा पडायला लागला तो त्या दिवशी. बिल्डर आला तीस वर्षांनी. तो पाडायला आला नाही, पडलेले उचलायला आला.

वडील काही वाईट माणूस नव्हते. ते कायद्याला धरून वागत होते, आणि तो कायदाही वाईट हेतूने झालेला नव्हता. महायुद्धानंतर शहरांत माणसे लोटली, जागा मिळेना, मालक मागतील ती रक्कम द्यावी लागे. अशा वेळी १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गरिबाला छप्पर दिले, हे मी विसरत नाही. आम्हीच त्याची फळे खाल्ली. पण प्रमाण भाड्यासाठी त्याने १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली आणि घड्याळ तेथेच थांबवले. कायदा तात्पुरता होता. त्याची मुदत वाढत वाढत पन्नास वर्षे गेली. अखेर १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, ही गोठलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत.

नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुने भाडे आरंभी पाच टक्क्यांनी आणि पुढे दरसाल चार टक्क्यांनी वाढवण्याची मुभा त्याने दिली. आमचे २२ रुपये चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी ६२ रुपयांच्या आतच राहिले असते! मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने नोटीस देऊन ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय आहे. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच. म्हणजे सुमारे १८५ रुपये. एवढ्यात गवंडी जिना तरी चढेल काय?

आता कुलपाची गोष्ट. १९८३ साली आम्ही कोथरुडात ओनरशिपचा ब्लॉक घेतला आणि वाड्यातल्या खोल्यांना कुलूप लावले. सोडल्या नाहीत. भाडे मनीऑर्डरने जाई. जागा वापरात आहे असे म्हणता यावे म्हणून आई अधूनमधून जाऊन केर काढी, दिवा लावी. पुण्यात नव्याने लागलेला एखादा शिक्षक त्या दोन खोल्यांत सुखाने संसार मांडू शकला असता. वीस वर्षे त्या अंधारात राहिल्या. काकू १९९१ साली गेल्या. २००३ साली वाडा उतरवला आणि आम्हांला तेथेच नवा फ्लॅट मिळाला. बावीस रुपयांच्या पावत्यांचे असे सोने झाले. काकूंच्या पाटल्या मात्र कोणी सोडवून आणल्या नाहीत.

आज त्या फ्लॅटचा मालक मी आहे, आणि आता दुसऱ्या बाजूची मौज पाहतो. लातूरकडचे एक तरुण जोडपे तेथे राहते. करार अकरा महिन्यांचा. त्यांनी भिंतीला खिळा मारायचा तर मला विचारावे लागते. मुलीला जवळच्या शाळेत घालावे की नाही, हे त्यांना ठरवता येत नाही. कारण पुढच्या वर्षी ते कोणत्या पेठेत असतील हे मी ठरवणार! माझ्या वडिलांना कोणी हलवू शकत नव्हते आणि या मुलाला कोणीही हलवू शकतो. एकाला जन्माचे अभय दिले, त्याची किंमत दुसऱ्याकडून वसूल केली. शिवाय १९७३ साली त्या वेळी राहत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचे हक्क मिळाले. तेव्हापासून मालकांच्या मनात जी धास्ती बसली आहे, ती अजून निघत नाही. घर रिकामे ठेवीन, पण माणूस घालणार नाही, ही वृत्ती तिच्यातूनही आली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. आणि घर मिळत नाही म्हणून आपण ओरडतो!

कोणी म्हणेल, भाडी मोकळी करा म्हणणे म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना रस्त्यावर आणणे होय. मी तसे म्हणत नाही. ज्याला परवडत नाही त्याला जरूर मदत द्यावी; पण ती सरकारी तिजोरीतून, एखाद्या काकूच्या मनगटावरून काढून नव्हे. ज्याला परवडते त्याने छप्पर शाबूत राहील एवढे भाडे द्यावे. आणि मालकाने, म्हणजे आता मीच, भाडेकरूला चार वर्षे पाठ टेकू द्यावी. यांत क्रांतिकारक असे काय आहे? वाजवी भाडे आणि पुरती मुदत, ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. आपण कधी हे टोक धरतो, कधी ते. दोन्ही एकदम धरल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हा वाचकहो, वाड्यासाठी डोळे पुसायचे असतील तर खुशाल पुसा. त्या फराळाच्या ताटांची आठवण मलाही येते. पण आधी आपल्या घरातल्या किल्ल्या मोजा. कुलूप लावून ठेवलेली एखादी जागा तुमच्या नावावर आहे काय? असेल तर वाडासंस्कृतीवर गहिवरण्याचा अधिकार तुम्हांला नाही. मलाही तो वीस वर्षे नव्हता.

लातूरकडच्या त्या मुलाशी मी या महिन्यात तीन वर्षांचा करार करतो आहे. भाडे दरसाल किती वाढेल ते आधीच लिहून ठेवले आहे. ‘‘आता खिळा मारू ना?’’ त्याने विचारले. मी म्हटले, ‘‘मार. आकाशकंदील टांगायला लागेलच.’’