दहा हजारातले सहा हजार

पॉवर बँकेच्या खोक्यावर समोर जो आकडा ठळक छापलेला असतो, तो खोटा नसतो. पण त्यावरून गिऱ्हाईक जो हिशोब मांडतं तो हमखास चुकतो, आणि तो चुकावा अशाच बेताने ती छपाई केलेली असते. दापोलीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पुढच्या काचेत नव्या पॉवर बँका आणि मागच्या टेबलावर बंद पडलेल्या, असा दोन्ही टोकांचा माल रोज हाताखालून जातो. त्या जोरावर सांगतो, हा समोरचा आकडा सरकारने बदलायला लावला पाहिजे.

गणपतीच्या आधी-नंतर गावात मुंबईकरांची वर्दळ असते तेव्हा दुकानात एकच प्रश्न. "दादा, माझ्या फोनची बॅटरी पाच हजारची. मग दहा हजारवाल्यात दोनदा फुल होईल ना?" नाही होणार, म्हटलं की माणूस माझ्याकडेच संशयाने बघतो. खोक्यावर तर लिहिलंय!

लिहिलेले दहा हजार एमएएच हे आतल्या सेलचं माप आहे आणि सेल चालतो ३.७ व्होल्टवर. दोन्हींचा गुणाकार केला की ३७ वॅट-अवर येतात. आत खरोखर साठलेली वीज ती एवढी. केबलमधून मात्र निदान ५ व्होल्ट बाहेर काढावे लागतात. त्या मापाने हेच दहा हजार झाले ७,४००. व्होल्टेज चढवणारं सर्किट त्यातली काही वीज उष्णतेत घालवतं, तेव्हा हाताशी राहतात सहा-साडेसहा हजार. पुढे फोनची बॅटरीही चार व्होल्टच्या आसपासच चालत असल्यामुळे फोन हे व्होल्टेज परत उतरवून घेतो. चढताना गळती, उतरताना गळती. पाच हजारचा फोन दीड वेळा भरला तर माल चांगला समजायचा. वायरलेस चार्जिंगवर ठेवलात किंवा चार्जिंगला लावून रील बघत बसलात, तर दीडही विसरा.

आता गंमत बघा. तो सहा-साडेसहा हजारचा आकडाही छापलेला असतो. पॉवर बँकेच्या पाठीवर, 'रेटेड कपॅसिटी' या नावाखाली, करड्या प्लास्टिकवर करड्या शाईत. सोल्डरिंग करताना मी जे भिंग वापरतो ते डोळ्याला लावलं की नीट दिसतो. नारळ सोडणासकट तोलून पैसे घ्यायचे आणि खोबऱ्याचं वजन आतल्या करवंटीवर कोरून ठेवायचं, त्यातली ही तऱ्हा आहे. कायद्याने लपवलेलं काही नाही आणि वाचता येईल असंही काही नाही.

या आकड्यांपैकी खरा उपयोगाचा आकडा कुणी वाचत असेल तर विमानतळावरचा सुरक्षारक्षक. आमच्या दापोली-खेड-मंडणगडातली कितीतरी माणसं दुबई, कुवेत, कतारला कामाला आहेत. सुट्टी संपवून परत निघताना ती माझ्याकडून पॉवर बँक नेतात, म्हणून हे नियम मला पाठ झालेत. मोजमाप वॅट-अवरमध्ये, मर्यादा १०० ची. तेवढ्यापर्यंत हातातल्या बॅगेतून न्यायची, चेक-इनच्या सामानात अजिबात टाकायची नाही. त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. दहा हजारची ३७, वीस हजारची ७४ आणि सत्तावीस हजारची ९९.९ भरते. बाजारात सत्तावीस हजार हा विचित्र आकडा का दिसतो, ते यावरून लक्षात येईल. पाठीवरची छपाई घासून गेली असेल तर चांगली पॉवर बँकही तिथेच टोपलीत जाते.

हे नियम उगीच कडक झालेले नाहीत. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाच्या तयारीत असताना पेटलं. आतले सगळे, १७६ जण, बाहेर पडले, पण विमान जळालं. डोक्यावरच्या कप्प्यातल्या सामानात असलेल्या पॉवर बँकेवर तपासाचा रोख गेला. त्यानंतर तिथे पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी आली. १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्सने विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केली. माणशी एक, १०० वॅट-अवरच्या आतली, आकडा स्पष्ट वाचता येईल अशी, एवढीच सवलत. म्हणजे वॅट-अवर छापणं कंपन्यांना जमतं. मग ते पाठीवर का, समोर का नको?

आमच्याकडे येणाऱ्या एका सेल्समनला मी हे विचारलं. "भाऊ, समोर सदतीस लिहिलं तर कोण घेईल?" म्हणाला. खरं आहे, एकट्याने लिहिलं तर कोणी घेणार नाही. म्हणूनच हे काम कंपनीच्या भलेपणावर सोडता येत नाही. फ्रिजवर तारे लावायला सरकारने भाग पाडलं, तसं इथे समोर दोनच आकडे सक्तीचे करावेत: वॅट-अवर, आणि ५ व्होल्टला प्रत्यक्ष मिळणारे एमएएच. सेलचा आकडा हवा तर त्यांनी पाठीवर छापावा, बारीक टायपात.

इथवर झालं ते चांगल्या मालाचं. रस्त्यावर आणि ऑनलाइन तीन-चारशेला 'पन्नास हजार एमएएच' म्हणून जे विकलं जातं, त्याला आकड्यांचा नियम लावणंच हास्यास्पद आहे. त्यातल्या कितीतरी मी उघडल्यात. टॉर्चच्या सेलसारखा दिसणारा, १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा गोल सेल असतो ना, त्याचं वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास. उत्तमातला उत्तम घेतला तरी तो साडेतीन हजारपर्यंत जातो. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेला असेल तर निम्माही नाही. म्हणजे वीस हजारला किमान सहा सेल हवेत, आणि सहा सेलांचंच वजन पावणेतीनशे ग्रॅम. पातळ पाकिटाच्या आकाराचे सेल येतात तेही यापेक्षा फार हलके नसतात. मग वीस हजारची म्हणून हातात दिलेली वस्तू अडीचशे ग्रॅमही भरत नसेल, तर विकणाऱ्याला नमस्कार करून निघावं. स्वयंपाकघरातला काटा या कामाला पुरतो. अर्थात हे त्यांनाही ठाऊक आहे. एकीत सेल निघाला एक आणि वजनाला प्लास्टिकच्या पुडीत भरलेली वाळू. पुडी छान सील केलेली होती, टेपसुद्धा सरळ लावलेली.

भारतात पॉवर बँकेला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. पाठीवर 'आयएस १३२५२' आणि 'आर'ने सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो. बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये तो नंबर टाकला की कोणत्या कंपनीची कोणती वस्तू ते कळतं. दुकानातच उभं राहून तपासा. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर दुकान बदला, माझं असलं तरी.

नावाजलेली कंपनी म्हणजे आग लागणारच नाही, असं मात्र समजू नका. जून २०२५ मध्ये ॲंकरसारख्या मोठ्या कंपनीने अमेरिकेत एका दहा हजारच्या मॉडेलचे ११ लाखांहून जास्त नग परत बोलावले. मला विचाराल तर यात कंपनीची बदनामी नाही, हीच तर बिलाची किंमत. वाळूच्या पुडीवाल्याने कधी माल परत बोलावल्याचं ऐकलंय?

आता घ्यायची केवढी? माझं ठाम मत, बहुतेकांना दहा हजारची पुरते. वीस हजारचा हट्ट इथे कोकणात निसर्ग वादळापासून धरला गेला. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्याला लागलं, दापोली-मंडणगडात खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. लोक जनरेटरवाल्याकडे पैसे मोजून फोन चार्ज करत होते. ती धास्ती अजून गेलेली नाही, आणि ती खोटी म्हणता येत नाही. पण तेव्हा मोबाइलचे टॉवरही बंद होते, हे आपण विसरतो. चार्ज केलेला फोन बऱ्याच घरांत टॉर्च म्हणूनच कामाला आला. शिवाय वीस हजारची भरायलाही वेळ लागतो. घरातल्या जुन्या १० वॅटच्या चार्जरवर लावली तर नऊ-दहा तास. दिवसातून तीन तास वीज येणाऱ्या गावात ती अर्धवटच राहणार. मोठी घ्यायचीच असेल तर टाइप-सीमधून २० वॅटच्या आसपास वीज आत घेणारी घ्या, आणि चार्जरही त्या ताकदीचा ठेवा. बाहेर किती वॅट देते हे सगळे विचारतात, आत किती घेते हे कोणीच विचारत नाही.

वादळासाठी म्हणून फडताळात ठेवणाऱ्यांनी ती निम्मीअधिक भरून ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी काढून बघावी. पूर्ण उतरलेली वर्षभर पडली की सेल मरतो आणि मग माझ्याकडे येते. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात तर कधीच ठेवू नका.

फुगलेली पॉवर बँक दाबून सपाट करायचा मोह आवरा. टोचू नका, घंटागाडीतही टाकू नका. बॅटरीच्या कचऱ्याचे नियम २०२२ मध्ये आले, त्यांत वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. आमच्या तालुक्यात ती निभावायला अजून कोणी आलेलं मी पाहिलं नाही. तोवर लोक फुगलेला माल माझ्याकडे आणून देतात आणि मी तो दुकानामागे वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. पुण्याला माल आणायला जातो तेव्हा तिथल्या ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचवतो, पण एसटीतून असला माल नेता येत नाही. कोणाची तरी गाडी निघेपर्यंत थांबावं लागतं.