सृष्टीच्या अंगणांत : मुंग्यांमागचें पाखरूं

म्हैस चरतां चरतां गवतांतले टोळ उडविते आणि तिच्या पायांशीं घुटमळणारा गायबगळा ते टिपतो, हें आपण नेहमी पाहतों. मध्य अमेरिकेंत, पनामाच्या दाट अरण्यांत, बुलबुलाएवढ्या एका पाखरानें हाच उद्योग चरितार्थासाठीं पत्करला आहे. मात्र त्याची म्हैस म्हणजे मुंग्यांचें लष्कर! इंग्रजींत त्याला ‘ऑसिलेटेड अँटबर्ड’ म्हणतात. संस्कृत नांवांची हौस असणारांनीं खुशाल ‘पिपीलिकानुचर’ म्हणावें. आपण मुंगीपाखरूं म्हणूं. तांबूस अंगावर खवल्यांसारखे काळे ठिपके आणि डोळ्यांभोवतीं उघड्या निळ्या कातडीचें वर्तुळ, असें त्याचें रूप आहे.

नांव कांहींही असो, मुंग्या हें त्याचें अन्न नव्हे. लष्करी मुंग्यांची लक्षावधि टोळी भुईवर पसरत निघाली, कीं पाल्याखालचीं झुरळें, कोळी, नाकतोडे जीव घेऊन पळूं लागतात. त्यांवर हें पाखरूं झडप घालतें. परंतु ह्या मुंग्या सुमारें १५ दिवस रोज मोहिमेवर असतात आणि पुढचे सुमारें २० दिवस एके ठिकाणीं मुक्काम ठोकून क्वचितच बाहेर पडतात. म्हणून एका टोळीवर पाखराचें भागत नाहीं. अनेक टोळ्यांचे मुक्काम त्याला ठाऊक असावे लागतात, आणि तेवढें विस्तीर्ण अरण्यही लागतें.

त्याची गृहस्थिति आमच्या वाचकांस ओळखीची वाटेल. मुलगे मोठे झाले, कीं बायका आणून आईबापांच्याच प्रदेशांत राहतात. मुली मात्र दूर जातात.

पनामा कालव्यासाठीं चाग्रेस नदीला धरण बांधलें. १९१३ च्या सुमारास गाटून तलाव भरला आणि बारो कोलोरॅडो नांवाची टेकडी सुमारें १५ चौरस किलोमीटरांचें बेट होऊन राहिली. १९२३ सालीं तें अभ्यासासाठीं राखून ठेवण्यांत आलें. तेथें १९६० पासून एडविन विलिस यांनीं पाखरांच्या पायांत रंगीत कडीं घालून एकेकाची नोंद ठेविली. त्यांच्या देखतच मुंगीपाखरें घटत गेलीं आणि १९७० च्या सुमारास बेटावरून नाहींशीं झालीं. कोणी जंगल तोडलें नव्हतें, आणि मुंग्या तर आजही तेथें आहेत!

ह्या कुळांत अंडीं बहुधा दोनच, आणि सापादि शत्रूंकडून घरट्यांची नासधूस फार. पूर्वी ही तूट शेजारच्या रानांतून येणारीं पाखरें भरून काढीत. आतां मध्यें पाणी आलें. पाणी तें किती? कांहीं ठिकाणीं अवघें कांहींशें मीटर. पण २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अरण्यांतलीं पाखरें नावेंतून नेऊन ह्याच तलावावर सोडलीं, तेव्हां कांहीं जातींचीं १०० मीटरही उडूं शकलीं नाहींत. सावलींत, फांदीवरून फांदीवर जाणाऱ्या पंखांना सलग उड्डाणाचा सराव कोठून असणार? पैलतीरावरच्या अरण्यांत मुंगीपाखरूं अजून मुंग्यांच्या मागें हिंडत असतें.