आत्याला भास झाला नव्हता, आणि ती तबकडीही नव्हती

मंडळी, आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एक खोड आहे. कुणी जगावेगळं काही पाहिलं की लगेच दोन पक्ष पडतात. एक हात जोडतो, दुसरा दात काढतो. नेमकं काय दिसलं, हे विचारायला कोणी तयार नसतं. माझं भांडण दोन्ही पक्षांशी आहे.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. श्रीखंड-पुरीचं जेवण आटोपून आम्ही पाच जण दुपारनंतर धुळ्याला निघालो. दिवेलागण होऊन गेली होती. जुलवानियाच्या पुढे, आग्रा-मुंबई हायवेवर, पावणेआठच्या सुमाराला आत्या ओरडली, "अरे, गाडी साइडला घे!" आकाशात नारिंगी ठिणग्यांची रांग, प्रत्येकीला शेपटी, आवाज अजिबात नाही. सावकाश पूर्वेकडे सरकत गेली. ढाब्यावरची माणसंही बाहेर येऊन बघत होती.

रात्री घरच्या ग्रुपवर एका भावाने 'उडती तबकडी' जाहीर केली. दुसऱ्याने आत्याचा मोतीबिंदू काढला. लग्नकार्यात तो विनोद अजून चालतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आता त्या संध्याकाळचं नावच काढत नाही.

आता जरा ऐका. आत्या पहिल्यापासून तीनच गोष्टी सांगत होती: दिवे लुकलुकत नव्हते, एकामागोमाग होते, आणि मिनिटभर तरी दिसले. विमानाचे दिवे लुकलुकतात. उल्का दोन-चार सेकंदांत संपते, कारण ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते. कक्षेतून उतरणारं रॉकेट सेकंदाला सात-आठ किलोमीटरने, जवळजवळ आडवं येतं आणि तुकडे होत जळतं. म्हणून रांग, म्हणून सावकाश. तज्ज्ञांच्या मते तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा होता. आत्याचं वर्णन चोख होतं. चुकले ते ऐकणारे.

आणि तबकडी? १९४७ साली अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने पाण्यावर बशी फेकावी तशी चाल सांगितली. बातम्यांत त्या चालीचा आकार झाला. तोच शब्द आपण आजही चिकटवतोय.

तुम्ही म्हणाल, घरातली गंमत आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडले. कुणाला लागलं नाही, हे नशीब. ते कडं एखाद्या घरावर आलं असतं तर? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या अशा नुकसानीची जबाबदारी रॉकेट सोडणाऱ्या देशाची असते. पण भरपाई मागायची तर काय पडलं, कुणाचं होतं, हे दाखवावं लागतं. 'परग्रहावरचे आले' म्हणणाऱ्याने चौकशीचं दार लावलं, आणि 'म्हातारीला भास झाला' म्हणणाऱ्याने साक्षीदार गप्प केला. परिणाम एकच.

म्हणून या ग्रुपवर आठवणी लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे. त्या पाडव्याला झाबुआ, बडवानी, खरगोन, जळगाव, नागपूर, कुठूनही ज्यांनी पाहिलं, त्यांनी कमेंटमध्ये लिहा: ठिकाण, वेळ, दिशा, किती वेळ दिसलं, आवाज होता का. ते काय होतं, हे नंतर लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा, आणि ती बोलत असताना मध्ये हसू नका.