आधी फेस, मग पातं

दाढी करताना कापलं, गाल चरचरला, गळ्यावर लाल पुटकुळ्या उठल्या की आपण पहिला दोष ब्लेडला देतो. मग तीन पात्यांचं, पाच पात्यांचं महागडं रेझर घरात येतं आणि पुटकुळ्या होत्या तिथेच राहतात. माझी विनंती आहे की पात्यावरचा खर्च थोडा थांबवा आणि ब्रशकडे लक्ष द्या. दाढी सुधारते किंवा बिघडते ती बहुतेक वेळा पातं गालाला लागण्याआधीच.

कोरडा केस राठ असतो. पाणी प्याला की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. पण केसावर त्वचेच्या तेलकटपणाचा थर असतो, त्यामुळे नुसतं पाणी मारलं तर ते ओघळून जातं. साबण तो तेलकटपणा काढतो आणि फेस पाणी केसाशी धरून ठेवतो. फेसाचं खरं काम हे पाणी धरण्याचं. डब्यातला तयार फोम गॅसने फुगवलेला असतो आणि आपण तो बोटांनी वरवर फासतो. मऊ, विरळ दाढीला तो चालून जातो. दाट, राठ दाढी असेल तर ब्रशला पर्याय नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दाढी शक्यतो अंघोळीनंतर करा. ते जमत नसेल तर कोमट पाण्याने चेहरा धुवा आणि पुसू नका. तोवर ब्रश मगात भिजत ठेवा. डुकराच्या केसांचा ब्रश पाणी शोषतो, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. कृत्रिम धाग्यांचा ब्रश पाणी शोषत नाही, तो बुडवून काढला की झालं. ज्यांना प्राण्याचे केस चालत नाहीत त्यांनी दुकानात तसं विचारून कृत्रिम ब्रश घ्यावा. हल्ली मऊ आणि चांगले मिळतात.

ब्रश दोनदा झटका. त्यातून पाणी गळता कामा नये, पण तो ओलसर हवा. बदामाएवढी क्रीम ब्रशच्या टोकावर घ्या, किंवा साबणाची वडी असेल तर तिच्यावर अर्धा मिनिट ब्रश फिरवा. आता गालापासून सुरुवात करा. लहान लहान गोल, हलक्या हाताने. ब्रशचे केस जरा पसरतील एवढाच दाब पुरे. ब्रश मुळापर्यंत दाबून घासला तर त्याचे केस तुटतात आणि त्वचाही सोलवटते. गोल फिरवण्याने आडवे पडलेले केस उभे राहतात आणि साबण त्यांच्या बुंध्याशी जातो. सुरुवातीला फेस चिकट, कोरडा वाटेल. अशा वेळी आणखी क्रीम घेण्याचा मोह होतो, तो आवरा. ब्रशचं फक्त टोक पाण्याला लावा आणि पुन्हा फिरवा. असं तीन-चार वेळा, थेंबाथेंबाने. मोठे बुडबुडे दिसू लागले तर पाणी जास्त झालं. थोडी क्रीम घेऊन परत घोटा. फेस तयार झाला की तो फेटलेल्या दह्यासारखा एकजीव आणि चकचकीत दिसतो. चिमटीत घेऊन पाहा, बोटं सुळकन सरकली पाहिजेत.

सगळ्यात जास्त वेळ हनुवटीला आणि ओठांच्या वरच्या भागाला द्या, कारण तिथले केस सर्वांत जाड. ओठावर ब्रश गोल फिरत नाही, नाकातोंडात फेस जातो. तिथे ब्रशचे केस दोन बोटांत चपटे धरा आणि आडवे ओढा. गळ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथले केस एका दिशेने उगवत नाहीत. एकीकडे खाली, दुसरीकडे तिरके जातात. कोरड्या गळ्यावर एकदा बोट फिरवून ती दिशा ओळखून ठेवा. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी गळ्यावर गोल घोटूच नये, भिंतीला रंग देतात तसा ब्रश वर-खाली न्यावा. शेवटी सगळीकडे असेच सरळ हात फिरवून फेस सारखा करा आणि मिनिटभर तसाच राहू द्या.

मग पातं सुलट फिरवा. उलट दाढी करायचीच असेल तर पुन्हा फेस लावून करा. फेस निघून गेलेल्या जागी ‘एवढंच राहिलंय’ म्हणून मारलेला हात हेच गळ्यावरच्या बहुतेक पुटकुळ्यांचं मूळ असतं.

एवढं करूनही फेस धरत नसेल तर पाणी तपासा. ज्या गावांत बोअरचं जड पाणी येतं तिथे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला फाडतं. फेसाऐवजी पांढरट साका होतो. नवा ब्रश, नवी क्रीम घेऊन हे सुटत नाही. दाढीपुरतं मगभर आरओ फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी घ्या, फरक लगेच दिसेल.

घरात अंथरुणाला खिळलेले वडील किंवा आजोबा असतील तर त्यांची दाढी कृपा करून उरकू नका. त्यांना उशीला टेकवून थोडं उठवून बसवा, गळ्याखाली टॉवेल घ्या, कोमट पाण्यात पिळलेलं फडकं दोन मिनिटं गालांवर ठेवा. कवळी असेल तर ती घालायला सांगा, म्हणजे बसलेले गाल भरतात आणि पातं खळग्यात अडकत नाही. फेस जरा घट्ट ठेवा, म्हणजे कानात, मानेत पाणी उतरत नाही. सैल त्वचा एका हाताने ताणून धरा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर मात्र पातं नकोच, विजेवरचं मशीन वापरा. कसंही केलं तरी आधी काय करणार ते त्यांना सांगा आणि मग हात लावा.

ब्रश वापरून झाला की स्वच्छ धुवा, हलका दाबून पाणी काढा, झटका आणि उघड्या हवेत वाळू द्या. ओला ब्रश डब्यात बंद केला की कुजतो.

आता सलूनबद्दल. नवीन ब्लेड लावा, असं आपण आता न चुकता सांगतो. एड्स आणि काविळीच्या भीतीने ही सवय लागली आणि ती योग्यच आहे. पण तोच ओला ब्रश सकाळपासून किती चेहऱ्यांवर फिरला, हे कोणी विचारत नाही. दाढीच्या मुळांना होणारा पू आणि बुरशीचा संसर्ग अशा ब्रशवरून पसरू शकतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात दूषित केसांच्या ब्रशमुळे सैनिकांना आणि साध्या नागरिकांनाही अँथ्रॅक्स झाला होता, काही जण त्यात दगावले आणि ब्रिटनने १९२० मध्ये जपानी ब्रशची आयातच बंद केली. तो धोका आज तसा उरलेला नाही. तरी एकाचा ब्रश दुसऱ्याच्या गालावर जाऊ नये, एवढी काळजी आपण घेऊच शकतो.

सलूनवाल्या बंधूंना विनंती, की प्रत्येक गिऱ्हाइकानंतर ब्रश साबणाने धुऊन जंतुनाशकात बुडवा आणि दोन-तीन ब्रश आलटून पालटून वाळवत ठेवा. आणि वाचकांनो, तुम्ही पुढच्या खेपेला सलूनमध्ये जाल तेव्हा स्वतःचा ब्रश सोबत न्या.